डबल बेल

१४ जानेवारी १९८६

हॉस्पिटलातल्या व्यायामवाल्या मृणालिनीबाईंनी फर्मावलंय, की खांदा केव्हा दुखतो, कशानं दुखतो आणि केव्हा थांबतो ते रोज लिहून ठेवायचं. मी म्हटलं, बाई, थांबतो केव्हा एवढंच लिहायचं असेल तर कागद लागणार नाही. त्या हसल्या नाहीत. समोर भिंतीवर बोटं चढवत उभ्या असलेल्या म्हातारीला म्हणाल्या, "आजी, अजून एक वीत."

डायरी माझ्या गाडीच्या ड्रायव्हरनं, लवूनं दिली. त्याला कुठल्याशा टायरवाल्याकडून फुकट मिळाली होती. कशाला हवी ते मी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

तर लिहितो. नाव काशीराम, वय एक्कावन्न, मुक्काम वाकोला, काम बस कंडक्टर, नोकरी बावीस वर्षं. उजव्या खांद्याचा संधिवात. डॉक्टरांनी फोटो खिडकीपाशी धरून दाखवला. हाडाचा गोळा आणि त्याची वाटी यांच्यामध्ये फट असते म्हणे, ती माझी उरलेलीच नाही. हाडावर हाड घासतंय. एक्काहत्तर साली मी फूटबोर्डवरून पडलो होतो, खांदा निखळला होता. चौथ्या दिवशी कामावर हजर झालो म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटली होती. तेव्हा गप घरी बसलो असतो तर बरं झालं असतं.

हात छातीपर्यंत येतो. पुढे कुणीतरी आत सुरी फिरवल्यासारखं होतं. कंडक्टरला काय लागतं? डाव्या हातात तिकिटांची पेटी, उजव्या हातात तिकिटाला भोक पाडायचा पंच, आणि छताला बांधलेल्या बेलच्या दोरीपर्यंत जाणारा एक हात. दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. ती ओढता येत नाही असं डेपोत कळलं की मेडिकल बोर्ड, आणि बोर्डापुढे गेलो की अनफिट. डोळ्यांपायी आमच्यातला गुणाजी अनफिट झाला. आता गेटवर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. पूर्वी अख्ख्या कँटीनला हसवायचा, आता नमस्कार केला तर मान हलवतो.

मला गेटवर बसायचं नाही. सात वर्षं उरलीत. ती गाडीवर उभ्यानं काढायची आहेत. बायको सुगंधा सोडली तर कुणाला काही सांगितलेलं नाही. लवूलाही नाही. चौदा वर्षं आम्ही एका गाडीवर आहोत, तो पुढे स्टिअरिंगवर आणि मी मागे. पण बातमी डेपोत जायला एक तोंड पुरतं.

१५ जानेवारी

सदरा घालताना दुखलं. नंतर केस विंचरताना, आणि चहाचा कप फळीवर ठेवताना. थांबलं नाही.

२३ जानेवारी

लवूचं काहीतरी बिनसलंय. सांताक्रूझ स्टेशन ते जुहू, तोच रस्ता, तेच स्टॉप, पण माझा हात दोरीकडे जायच्या आत हा गाडी सोडतो. मी पंचाच्या मागच्या टोकानं दोरी अडकवून ओढायची युक्ती काढलीय, जरा वेळ लागतो, पण जमते. तोपर्यंत हा थांबेल तर ना! आणि सारखा डावीकडच्या आरशात बघत असतो. आज जुहूला उतरल्यावर म्हटलं, "काय रे, आरशात दाढी बघतोस की काय? बेल तरी होऊ दे."

तो म्हणाला, "तू तिकिटां फाड. गाडी माझ्यार सोड."

मालवणचा माणूस, सरळ बोलेल तर शपथ.

३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन दिलं. सुई बघितली असती तर पळून आलो असतो. घरी येईपर्यंत हात आहे की नाही कळेना, आणि संध्याकाळी चमत्कार! हात डोक्यापर्यंत गेला. देवाला उजव्या हातानं फूल वाहिलं. सुगंधा स्वयंपाक सोडून बघत बसली होती. मी तिला म्हटलं, आता तुला वेणी घालून देतो. ती म्हणाली, "गप बसा, भाजी लागेल."

इतका हलका मी कित्येक महिन्यांत झालो नव्हतो.

१४ फेब्रुवारी

अकरा दिवस टिकलं. आज सदरा घालताना परत तेच. पहिल्यापेक्षा जास्त.

२ मार्च

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मृणालिनीबाईंना न सांगता पाईपलाईनजवळच्या हाडवैद्याकडे गेलो. सुगंधानं महिनाभर निरगुडीचा पाला बांधला, शेक दिला, कुणी सांगितलेलं तेल चोळलं, सगळं झालं होतं. वैद्य म्हणाला, हाड जागेवरून सरकलंय, एका झटक्यात बसवतो. त्याचा माणूस मागून धरून बसला आणि त्यानं माझा हात ओढला. मी एवढा मोठ्यानं ओरडलो की बाहेर रांगेत बसलेल्या दोन बाया उठून निघून गेल्या.

खांदा सुजलाय. उद्या सुट्टी टाकली तर कारण विचारतील. जाणार.

३ मार्च

गेलो. कसा गेलो ते विचारू नये. पेटी डाव्या हातात धरून तिकिटं फाडताना दोनदा रडू आलं, लोकांना वाटलं डोळ्यांत धूर गेला. लवूनं आज प्रत्येक स्टॉपवर इतका वेळ गाडी उभी केली की मागचे ड्रायव्हर हॉर्न मारत होते. एक दिवस उडत चालवायची, एक दिवस बैलगाडी. ह्याचंही वय होत चाललंय.

१९ मार्च

मृणालिनीबाईंनी भिंतीचा व्यायाम घरी करायला सांगितलाय. भिंतीसमोर उभं राहून बोटं हळूहळू वर न्यायची आणि जिथं थांबतील तिथं पेन्सिलीनं खूण करायची. शिवाय दाराच्या चौकटीला कप्पी आणि दोरी बांधून डाव्या हातानं उजवा वर खेचायचा. दोरीवर माझा राग आहे, पण करतो.

आज बोटं मागच्या आठवड्यातल्या खुणेच्या दोन बोटं वर गेली! दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा वर. भिंतीचा तेवढा भाग थोडा पुसट दिसला. सुगंधाला भिंतीवर डाग दिसला की राहवत नाही, घासला असेल. तिला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मग? मी सांगत नव्हते, होईल म्हणून?" आणि लगेच मोरीत गेली.

देवा, एवढंच दे. दोरीपर्यंत. त्याच्या वर मला कुठे जायचं नाही.

१० एप्रिल

तिसरं इंजेक्शन झालं. काही नाही. एक दिवससुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, आता आणखी देणार नाही, सांधा आतून कमकुवत होईल. मग काय करू विचारलं, तर म्हणाले, बघू, नंतर बोलू. गोळ्यांनी पोटात आग पडते. पण भिंतीवरची खूण चढतेय. आणखी एक बोट चढली. मी त्या भिंतीवर विसंबून आहे.

२२ एप्रिल

आज नको ते झालं.

सांताक्रूझला दुपारी मथुरा चढत होती. जुहूच्या कोळीवाड्यातली, सकाळी मासळी विकून रिकामी पाटी घेऊन परत जाते. आमची रोजची पॅसेंजर. ह्या बायकांची रीत म्हणजे आधी पाटी वर सरकवायची, मग दांडा धरून आपण चढायचं. मी मध्ये तिकिटं फाडत होतो. दोरीकडे हात नेण्याचा विचारही केला नव्हता आणि गाडी हलली. पाटी आत, बाई बाहेर! एक पाय फूटबोर्डवर, एक रस्त्यावर. ती पडली, मनगट मोडलं. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा लवूनं ब्रेक मारला. उतरून धावत आला, तोंड पांढरंफटक पडलं होतं. मथुरेला त्यानंच उचलून रिक्षात घातलं.

मी त्याला म्हटलं, "बेल दिली होती का मी? दिली होती का?" त्यानं तिची पाटी उचलून रिक्षात ठेवली.

२३ एप्रिल

डेपोत दोघांचे रिपोर्ट मागितले. मी खरं तेच लिहिलं. 'मी बेल दिलेली नव्हती. ड्रायव्हरने बेल न घेता गाडी सोडली. गेले काही महिने त्यास ही सवय लागली आहे. मी त्यास तोंडी समज दिली होती.' चौदा वर्षांच्या दोस्ताविरुद्ध लिहिताना बरं वाटलं असं नाही. पण एका बाईचं मनगट मोडलंय. उद्या कुणाचा जीव जाईल. आणि मी खोटं लिहिलं असतं, बेल दिली होती असं, तर मीच गेलो असतो.

लवूनं त्याच्या रिपोर्टात एकच ओळ लिहिली म्हणे. 'चूक माझी आहे.' त्याला सस्पेंड केलंय. कामावरून काढतील असं सगळे म्हणतायत. निघताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुन्हेगार माणूस कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

२ मे

आठवडाभर डेपोत बसवून ठेवल्यावर आज परत गाडीवर. नवा ड्रायव्हर चंद्रप्रकाश. तरुण आहे, नियमानं चालणारा. मला बरं वाटलं होतं.

पहिला स्टॉप. माणसं चढली, गाडी उभी. तो बेलची वाट बघतोय. मी पंचाचं टोक वर नेलं. खांद्यात कळ आली, हात तिथंच. परत नेला. दोरी वीतभर वर. पेटी काखेत दाबून डावा हात वर केला तर पेटी निसटली, तिकिटांच्या गड्ड्या सगळ्या गाडीभर. लोक हसले. चंद्रप्रकाश ओरडतोय, "काय झालं मास्तर? बेल द्या ना!" शेवटी एका कॉलेजवाल्या मुलीनं दोरी ओढली.

प्रत्येक स्टॉपला असंच. जुहूपर्यंत. तेरा स्टॉप.

मग गेले चार महिने काय होत होतं?

३ मे

सुट्टी टाकली. घरीच बसलो. एकच विचार डोक्यात. मी पंचाच्या टोकानं दोरी ओढतो असं मीच इथे लिहिलंय. जानेवारीत. त्यानंतर कधी ओढली? एकदाही आठवत नाही. हात निघायचा आणि गाडी सुटायची. आणि मी म्हणायचो, ह्याला घाई झालीय.

५ मे

जुहूला मथुरेकडे गेलो. प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून अंगणात बसली होती, सून जाळं शिवत होती. मी म्हटलं, मावशी, माफी मागायला आलोय. ती म्हणाली, "तुजी कसली माफी? आनि त्याचीबी कसली?"

मी विचारलं, गाडी बेलशिवाय सुटत होती ते तुम्हाला माहीत होतं?

"अरं, तुजी बेल म्या चार महिन्यांत ऐकली नाय! तुजा हात वर जात नाय, म्हनून तो आरशात बगून गाडी सोडायचा. आमाना सगल्यांना ठाव हाय. आमीच एकमेकींना सांगायचो, पटापट चढा गं, मास्तरचा हात दुखतो. त्या दिशी त्याला पाटी दिसली आत गेलेली. त्याला वाटलं, मीबी आत गेले."

मग म्हणाली, "तुला म्हाईत नव्हतं?"

मी म्हटलं, नाही. सगळ्या गाडीला माहीत होतं. फक्त कंडक्टरला माहीत नव्हतं.

६ मे

सुगंधाला सांगितलं. मला वाटलं ती हादरेल. ती भांडी विसळतच राहिली. मग म्हणाली, "लवूभावजी दिवाळीनंतर आले होते. म्हणाले, वहिनी, काशीला बोलू नका. तो मानी आहे, दुसरी गाडी मागून घेईल, आणि दुसरा ड्रायव्हर त्याला एक दिवस सांभाळायचा नाही."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मी काय करणार होते?" ती म्हणाली. आणि एकदम रडायलाच लागली. "भिंतीवरची खूणसुद्धा मीच पुसून खाली काढत होते. तुमचा हात खाली येत होता अहो. रोज थोडा खाली. तुम्ही सकाळी त्या भिंतीसमोर उभे राहायचात ना, मला तुमचं तोंड बघवायचं नाही."

मी तिच्यावर ओरडलो. काय वाटेल ते बोललो. शेजारच्या प्रेमाबाईंनी येऊन दार ठोठावलं. मग भिंतीपाशी गेलो आणि जवळून बघितलं. पुसलं तरी पेन्सिलीचे ओरखडे चुन्यात राहतात. सगळ्यात वरची खूण पहिल्या दिवशीची होती.

चौकशी परवा आहे.

७ मे

जाऊ नये. गेलो तरी गप्प राहावं. लवूनं स्वतः लिहून दिलंय, मी काय करू? मी बोललो तर अनफिट. आज नाही तर महिन्याभरात. गेटवर जागा एकच असते आणि तिथं गुणाजी आहे; मला घरीच पाठवतील. ह्या वयात, ह्या हातानं दुसरं काम कोण देणार? भाजीची पिशवी मला उचलत नाही.

पण मी लिहिलेला तो कागद तिथं आहे. 'त्यास तोंडी समज दिली होती.' किती शहाणा मी!

८ मे

चौकशीच्या साहेबांपुढे लवू बाकावर बसला होता, पांढऱ्या कपड्यांत. युनिफॉर्मशिवाय त्याला बघितलं की तो लहान वाटतो. मी उभा राहून म्हणालो, साहेब, माझा रिपोर्ट खरा आहे पण अर्धाच आहे. बेल मी दिली नव्हती, कारण बेल मला देता येत नाही.

साहेब म्हणाले, "म्हणजे?"

"हात वर जात नाही."

"करून दाखवा."

मी केला. सगळ्यांसमोर. छातीपर्यंत गेला आणि तिथंच अडकला. साहेबांनी, क्लार्कनं, युनियनच्या नंदकुमारनं, सगळ्यांनी बघितलं. लवूनं मान खाली घातली होती.

"किती दिवस?"

"दिवाळीपासून, साहेब."

त्यांनी ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर वाटलं लवू निदान हात तरी हातात घेईल. तो माझ्या अंगावरच आला. "मेल्या, तोंड कित्याक उघडलंस? माका काय, आणखी धा दिवस घरी बसवले असते, जुनो माणूस म्हणून परत घेतलो असतो. तुझो हात तुका कोण परत देतलो?"

मी म्हटलं, "आणि काढलं असतं तर?"

"तर गावाक जाऊन होडी चालवलंय असतंय. तू काय चालवतलंस?"

मी त्याला विचारलं, मला सांगितलं का नाहीस एका शब्दानं.

तो म्हणाला, "सांगलंय असतंय तर तू माझ्या गाडीर उभो रवलो असतस?"

नसतो राहिलो. नळावर जाऊन त्यानं तोंड धुतलं, मीही धुतलं. मग चहा घेतला. कप मी डाव्या हातानं धरला, पहिल्यांदाच उघडपणे.

२९ मे

मेडिकल बोर्ड. चार मिनिटं लागली. अनफिट. लवूला समज देऊन परत घेतलंय. माझ्यासाठी युनियन बघतेय म्हणतात. बघोत.

पंच, पेटी, कातडी पिशवी जमा केली. क्लार्क म्हणाला, सही करा. उजव्या हातानं केली. कागद टेबलावर असेल तर हा हात अजून चांगला चालतो.

१२ जून

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून डॉक्टरांना सरळ विचारलं, खरं काय ते सांगा. ते म्हणाले, खुब्याचा सांधा कृत्रिम बसवतात, खांद्याचा इथं आमच्याकडे होत नाही. परदेशात करतात. दुसरा उपाय आहे, हाडं एकमेकांना जोडून सांधाच बंद करून टाकायचा. दुखणं जाईल. पण खांदा पुन्हा हलणार नाही. हात एका जागी कायमचा बसेल.

"कुठल्या जागी?" मी विचारलं.

"ते आधी ठरवावं लागतं." त्यांनी माझं कोपर धरून हात थोडा पुढे, थोडा बाजूला केला. "असा. म्हणजे घास तोंडापर्यंत जाईल, लिहिता येईल, कपडे घालता येतील."

मी म्हटलं, "आणखी वर नाही का बसवता येणार?"

"किती वर?"

मी डाव्या हातानं दाखवलं. ते हसले. चांगला माणूस आहे, वाईट अर्थानं हसले नाहीत. "तसा बसवला तर हात आयुष्यभर तसाच राहील हो. झोपणार कसे? दारातून जाणार कसे? इतक्या वर तुम्हाला काय धरायचंय?"

आता काहीच धरायचं नाही, हे मला तेव्हा, त्या स्टुलावर बसल्या बसल्या समजलं. इतके महिने समजलं नव्हतं. मी तिथंच रडलो. मृणालिनीबाईंनी पाणी आणून दिलं. मग मी डॉक्टरांना सांगितलं, तोंडापर्यंत बसवा.

२४ जून

आज भरती व्हायचं होतं. हॉस्पिटल जुहूच्या बाजूला, म्हणजे आपल्याच रस्त्यावर. रिक्षा करू म्हणत होती सुगंधा. मी म्हटलं, लवूची साडेदहाची गाडी आहे, तिनंच जायचं.

मागच्या दारानं चढलो, दाराजवळच्या सीटवर बसलो. पिशवी सुगंधाकडे. कंडक्टर नवा, बाळा नावाचा, माझं तिकीट फाडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा पैसे देऊन तिकीट घेतलं. खिशात ठेवलंय.

मधल्या एका स्टॉपवर शाळेची पोरं चढली. बाळा पुढे पोरांच्या गर्दीत अडकला. गाडी उभी. लवू आरशात बघत होता, मला सीटवरून दिसत होतं. फूटबोर्ड मोकळा, सगळे आत. पूर्वीचा लवू असता तर सोडली असती. हा थांबला. बेल नाही, गाडी नाही. चौकशीनंतर त्यानं एकदाही सोडलेली नाही.

मी उभा राहिलो. सुगंधानं शर्ट ओढला. माझ्या डाव्या हातात पेटी नव्हती, काहीच नव्हतं. हात सरळ वर गेला. दोरी धरली आणि दोनदा ओढली. टण, टण. अगदी स्वच्छ.

गाडी लगेच हलली नाही. लवूनं आतल्या आरशाकडे मान वळवली, बघितलं. मग गिअर टाकला.

पुढून बाळा ओरडला, "ओ काका! बेलला हात लावायचा नाय! पॅसेंजरचं काम नाय ते!"

बरोबर बोलला. मीही तेच बोललो असतो. खाली बसलो.